माझ्या पोटातला शेजारणींचा कोळसा

मित्रांनो, मी एक जुनी शेगडी आहे. उघडी, फुंकर मारून पेटवायची तसली नव्हे. मी ओतीव लोखंडाची, चार पायांवर उभी, पोटाला दार आणि पाठीला धुराचा नळ असलेली. तुर्कस्तानातल्या एर्झुरुम शहरातल्या एका घरात मी थंडीभर जळते आणि उन्हाळाभर डोक्यावर फुलांच्या कुंड्या घेऊन उभी राहते. आयुष्य तसं सरळ गेलं म्हणायचं. घोळ झाला तो मागच्या थंडीत, आणि खरं सांगू? तो अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

माझा जन्म ओतकामाच्या कारखान्यात झाला. वितळलेलं लोखंड वाळूच्या साच्यात पडलं, थंड झालं आणि मी झाले. मला विकत घेतलं ते नेजाती नावाच्या सुताराने. त्याने माझं दार उघडून पाहिलं, आत डोकं घातलं, तळाच्या जाळीवरून बोटं फिरवली आणि म्हणाला, "हिला अक्रोडाएवढा लागेल." मला वाटलं, हा मला अक्रोडच खाऊ घालतोय की काय! पण आमच्याकडे कोळशाचे आकार असेच सांगतात. बदामाएवढा, अक्रोडाएवढा, संत्र्याएवढा. ज्या शेगडीचं जसं पोट, तसा तिचा कोळसा.

दर वर्षी थंडीच्या तोंडावर नेजाती अंगणात बुटक्या स्टुलावर बसून कोळसा निवडायचा. मोठे तुकडे हातोडीने फोडायचा, बारीक चाळून बाजूला काढायचा. त्याची बायको नाझिफे दारातून टोमणा मारायची, "सुतार म्हणून लग्न केलं, आणि हा बसलाय बायकांसारखा दाणे निवडत!"

"तुझ्याच चहासाठी निवडतोय, बाईसाहेब," तो म्हणायचा.

तो निवडलेला कोळसा मला इतका मानवायचा की रात्री भरलेली मी सकाळी लालच असायची. शेजारणी माझ्यावर हात शेकत कौतुक करायच्या. मी ऐकून फुगायची.

मग थंडी सुरू होता होता नेजाती गेला.

आमच्या गल्लीत कुणी गेलं की त्या घरात चूल पेटू देत नाहीत. शेजारपाजारचे जेवण आणतात, आणि थंडीचे दिवस असले तर घरचा बादलीभर कोळसाही. समोरच्या मुकद्देसची शेगडी भली दांडगी, तिने संत्र्याएवढा आणला. पेरिहानची इवलीशी, तिने बदामाएवढा आणला. कुणी तळाचा भुगाही आणला. प्रत्येकीने जीव लावून आणला आणि सगळा दारातल्या एकाच पेटीत ओतला.

दुसऱ्या दिवशी तो माझ्या पोटात आला. मोठा, बारीक, भुगा, सगळा एकदमच. मी पार भांबावले. मोठ्या तुकड्यांमधून हवा वर यायची, तर त्या फटींत बारीक जाऊन बसला आणि त्यावर भुग्याने बस्तान मांडलं. वरची ज्वाळा जरा उठली आणि गुदमरून बसली. धूर नळातून जायचा तो उलटा खोलीत आला. नाझिफेचं डोकं दुखू लागलं. रोज तेच. मी स्वतःला चाचपून पाहिलं. जाळी धड होती, दार धड होतं. मग चुकत होतं कुठे? मी म्हातारी झाले होते का? आणि जिला इतकी वर्षं ऊब दिली, तिला मीच मारणार होते का? मला फार भीती वाटली.

आणखी एक कोडं होतं. नाझिफेने इतके हिवाळे नवऱ्याला कोळसा निवडताना पाहिलं होतं. मग ती स्वतः निवडायला का बसत नव्हती?

तेवढ्यात अंकाराहून तिचा मुलगा तुर्गुत आला. आल्या आल्या खोकला. त्याने खिडक्या उघडल्या, माझा नळ काढून झटकला. त्यात काजळी फारशी नव्हतीच.

"आई, ही शेगडी संपली. हिला भंगारात घाल आणि माझ्याकडे चल. एक दिवस या धुरात तू उठायचीच नाहीस."

"मला नाही यायचं."

"मग आज ही सकाळपर्यंत जळून दाखवू दे. विझली, तर सामान बांधायचं."

"कोळसाच बरा नाही रे हा."

"मग फेकून दे!"

"फेकू?" नाझिफे उसळली. "लोकांनी दुःखात आणून दिलेलं फेकू? आणि मुकद्देसला तोंड कसं दाखवू?"

"बरं, मग तिची बादली तरी परत कर. दारात ही रिकाम्या बादल्यांची रांग कशाला ठेवलीस?"

नाझिफे खाली बसली. "भांडी परत गेली की दुखवटा संपतो. मग माझं दार कोण वाजवणार?"



मग ती उठली, कोळशाची पेटी ओढत अंगणात गेली आणि नेजातीच्या स्टुलावर बसली. ते रिकामं स्टूल बघवत नव्हतं म्हणूनच ती इतके दिवस तिकडे फिरकत नव्हती, हे मला तेव्हा कळलं. ती रडत रडत निवडत होती. मोठे एकीकडे, बारीक दुसरीकडे. निवडता निवडता तिचा हात थांबला.

"तुर्गुत, शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत देतात का रे?"

"नाही."

"मग आण त्या बादल्या इकडे!"

मुकद्देसच्या बादलीत संत्र्याएवढा गेला, पेरिहानच्या बादलीत बदामाएवढा. धूर जावा म्हणून खिडकी उघडीच होती, त्यामुळे समोरच्या दारातलं बोलणं मला ऐकू आलं.

"अगं बाई! एवढा छान मोठा कोळसा? अगदी माझ्या शेगडीजोगा!" मुकद्देस म्हणाली.

"हो ना. दिसला, आणि तुझीच आठवण झाली."

दोघींना हसू फुटलं आणि हसता हसता रडू.

"उद्या चहाला येते गं नाझिफेताई. आता काही बादली घेऊन येणार नाही, नुसतीच येईन."

संध्याकाळी माझ्या पोटात फक्त अक्रोडाएवढा कोळसा आला. वरून पेटवला. हवा खालून सुळसुळत आली आणि माझा श्वास मोकळा झाला.

सकाळी तुर्गुतने दार उघडलं. मी लाल होते. किटलीही गरम होती. त्याने आमच्याकडच्या रीतीने गालात साखरेचा खडा धरून चहा प्यायला आणि एकट्यापुरती पिशवी भरली.

मला अजून कळत नाही, मित्रांनो. वाईट कुणीच नव्हतं. सगळ्यांनी मायेनेच घातलं होतं, आणि त्यानेच आम्ही दोघी गुदमरत होतो. म्हणून एवढीच विनंती आहे. एखादी जुनी वस्तू धुमसू लागली, तर तिला मोडीत काढण्याआधी तिचं दार उघडून तिच्या पोटात काय आहे ते बघा.

तुर्गुत उंबऱ्यात बूट घालत म्हणाला, "आई, तिकडून गरम रजई पाठवतो. आणि विजेचा हीटर. आणि..."

"काही पाठवू नकोस," नाझिफे म्हणाली. "आधी मला विचारत जा, काय हवंय ते."

तो अर्धा बूट घालून तसाच थांबला. मग त्याने विचारलं, "आई, तुला काय हवंय?"