दोन नावांचं गाऱ्हाणं

मुलुंडच्या नवजीवन संघात चेंडू लाथाडणारे पुष्कळ होते, पण बाहेरगावी सामना लागला की सगळे लवू परबाच्या दारात यायचे. लवू स्वतः कधी मैदानात उतरला नव्हता. रंगाच्या कारखान्यात पाळी करायची आणि उरलेल्या वेळात रेल्वे कुणाकुणाला भाडं कमी करते याचा शोध घेत बसायचं, हा त्याचा छंद. खेळाडूंची सवलत तर सगळ्यांनाच ठाऊक होती. पण लवूनं ढोलवाल्या लहूला राखीव गोलरक्षक म्हणून नाशिकला नेलं होतं आणि तीन पोरांचा बाप असलेल्या महादूला कॉलेजचा विद्यार्थी म्हणून पुण्याला. खिशात पैसे नसायचे असं मुळीच नाही. पूर्ण भाडं भरायचं म्हटलं की त्याला आपण हरल्यासारखं वाटायचं, एवढंच. संघ त्याला सवलतवाला म्हणायचा, आणि कौतुकाची चटक लागली की माणूस कुठवर घसरतो ते त्याचं त्यालाही कळत नाही.

सत्त्याऐंशी साली संघ कोल्हापूरच्या स्पर्धेत अंतिम फेरीला पोचला. खेळाडूंच्या सवलतीत जेवढी नावं कोंबता येत होती तेवढी लवूनं कोंबली आणि शेवटी तो स्वतःच बाहेर राहिला. आता सवलतवालाच पूर्ण तिकीट काढून निघाला म्हणजे चाळभर हसं. तेव्हा शेजारचा शरच्चंद्र मदतीला धावला. तो शहरातल्या एका मोठ्या इस्पितळात वॉर्डबॉय होता. कॅन्सरचा पेशंट उपचार घेऊन घरी निघाला की रेल्वे त्याच्याकडून नावापुरतं भाडं घेते, सोबत्यालाही सूट देते, ही बातमी त्यानंच आणली, आणि सहीशिक्क्याचा कागदही त्यानंच मिळवला.

"तू फक्त तोंड पाडून बस यार," तो म्हणाला. "बाकी मी बघतो ना."

लवूला जरा कसंसंच झालं, नाही असं नाही. पण तिकिटाच्या खिडकीतल्या माणसानं कागद बघितला, मान खाली घातली आणि एक शब्द न विचारता तिकिटं दिली. दोघं बाहेर येऊन पोट धरधरून हसले.

सकाळच्या गाडीत संघ पुढच्या डब्यात बसला आणि हे दोघं मागच्या. ढोलताशांच्या गराड्यात पेशंट शोभला नसता. लवूनं दाढी वाढवली होती, गळ्याला मफलर गुंडाळला होता. तिकीट तपासनीस आला, कागद वाचला आणि लवू उठायला लागला तसं त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं. मग तो समोरच्या बाकाकडे वळला आणि तिथंही तसाच कागद त्याच्या हातात आला.

समोर पन्नाशीचा एक माणूस खिडकीशी बसला होता. गळ्याला पांढरी पट्टी, शर्ट दोन माणसं मावतील एवढा सैल झालेला. त्याचं नाव गुणाजी. त्याला बोलता येत नव्हतं. बोलायची ती त्याची बायको, मालन. इस्पितळात आता घरी न्या म्हणून सांगितलं होतं. एस.टी.चे हादरे सोसायचे नाहीत म्हणून कोल्हापूरपर्यंत गाडीनं, आणि पुढे घाट तेवढा एस.टी.नं उतरून ती त्याला गावी नेत होती. हे सगळं तिनं तपासनीस जाताच सांगून टाकलं, कारण आता लवू तिच्या लेखी परका राहिला नव्हता.

"तुझा दुखणा खंय आसा, बाबा?" तिनं विचारलं.

पोटात, असं लवू पुटपुटला. मग तिनं विचारलं, तुमी खंयचे? आणि इथं लवूनं माती खाल्ली. नाशिक म्हणाला असता, नगर म्हणाला असता, तर गोष्ट डब्यातच राहिली असती. पण मालवणी माणूस एक वेळ पगार लपवील, खंयचे म्हणून कुणी मालवणीत विचारल्यावर गाव लपवणं त्याच्यानं होत नाही. "पणसाळ्याचो," लवू म्हणाला, आणि त्यानं मफलर हनुवटीपर्यंत ओढून घेतला.

मालन पणसाळ्याचीच, ओढ्यापलीकडच्या वाडीतली निघाली. दोन प्रश्नांत तिनं त्याचं घर शोधलं, तिसऱ्यात आई. "जानकीचो झील मां तू? रे देवा." तिनं डोळ्याला पदर लावला. वडील गेल्यावर जानकीनं एकटीनं पोर वाढवलं आणि आता ती मुंबईला लेकाकडेच असते हे तिला ठाऊक होतं. आईला सांगितलंस का, असं तिनं विचारलं. लवूनं नकारार्थी मान हलवली. गावाचं नाव सोडलं तर तेवढं एकच त्यानं त्या डब्यात खरं सांगितलं.

त्यानंतर जे झालं ते त्याला साताऱ्यापर्यंत आणि पुढेही सोसवेना. गुणाजी भिंतीला धरून उठला आणि त्यानं खुणेनं लवूला खिडकीची जागा दिली. लवूनं नको नको म्हटलं तर तो ऐकेना. मालननं डब्यातली पेज काढली, नवऱ्यासाठी आणलेली, मऊ शिजवलेली, आणि तिचे दोन भाग केले. लवूच्या पिशवीत वडे होते, वर लसणीची चटणी होती, तिचा वास येत होता. तो ती पेज घोटाघोटानं प्यायला. एवढी लाज त्याला आजवर कधी वाटली नव्हती. शरच्चंद्र तोंडावर रुमाल धरून बाहेर बघत होता. तो हसतोय हे लवूला दिसत होतं आणि मालनला वाटत होतं की बिचारा रडतोय.

"गावाक पोचल्यार ह्यांच्यासाठी गाऱ्हाणा घालूचाच आसा," ती म्हणाली. "तुझाव नाव घेतंय."

गाऱ्हाणं म्हणजे सगळ्या गावानं देवळात उभं राहून देवाला एकमुखानं घातलेलं साकडं. लवू घाईघाईनं नको म्हणाला.

"नको कित्याक? देवाक दोन नावा जड जातत काय?"

खरं सांगायला तोंड उघडावं तर समोर गुणाजीचे डोळे, आणि त्या डोळ्यांत आपल्यासारखाच आणखी एक भेटल्याचा दिलासा.

कोल्हापूरला फलाटावर ढोल सुरू झाले. सवलतवाला कुठाय म्हणून लहू हाका मारत डबे शोधू लागला. लवू संडासात शिरला आणि कडी लावून उभा राहिला. तिथल्या जाळीतून त्याला मालन दिसली. एका हातानं नवऱ्याला धरून दुसऱ्या हातानं ती पत्र्याची ट्रंक ओढत होती, चार पावलं ओढायची आणि थांबायची. ट्रंक उचलायला दोन मिनिटं पुरली असती. ती दिसेनाशी झाल्यावर तो बाहेर आला. संघ तो सामना जिंकला. मुलुंडला परतेपर्यंत पोरं नाचत होती आणि लवू ताप आलाय म्हणून पडून होता.

पंधरवड्यानं पणसाळ्याहून लवूचा चुलता मुंबईला आला. लवू पाळीवरून घरी पोचला तोवर चुलता चहा घेऊन घाटकोपरला लेकीकडे निघून गेला होता. जानकी भिंतीला टेकून बसली होती. तिच्यापुढे देवळात फोडलेल्या नारळाची कवड आणि अंगाऱ्याची पुडी होती. गावानं लवूच्या दुखण्यासाठी गाऱ्हाणं घातलं हे चुलत्यानं तिला सांगितलं होतं, तो स्वतः देवळात उभा होता. तिनं उठून आधी लेकाच्या पोटाला हात लावला, मग त्याच्या कपाळाला, आणि ओठ चावून रडू लागली.

लवूनं सगळं सांगितलं. सांगताना त्यानं तिच्या पायांकडे बघितलं, वर बघण्याची हिंमत नव्हती. ती आधी देवाचं नाव घेऊन निःश्वास टाकेल असं त्याला वाटलं होतं. तिनं टाकलाही. मग तिनं ती कवड उचलून फळीवर ठेवली, त्याच्यापासून लांब.

"देवाकडे तुझ्या नावान खोटा गेला," ती म्हणाली. "आता तूच जा, आणि चार माणसांत आपल्या तोंडान सांगून ये. तोपर्यंत माझ्याशी बोला नको."

लवू गेला. पूर्ण भाड्याचं तिकीट काढून गेला. वाटेत त्यानं वाक्य पाठ केलं: मी आजारी नव्हतो, तिकिटासाठी खोटं बोललो, मला माफ करा. घाट उतरेपर्यंत ते इतक्या वेळा म्हणून झालं की जमेल असं त्याला वाटू लागलं.

तो आल्याची बातमी त्याच्या आधी देवळात पोचली होती. बरा होऊन आपल्या पायांनी देवाला आलाय म्हणून माणसं जमली. मालन पायरीखाली एका बाजूला उभी होती. कपाळ मोकळं, हात मोकळे. गुणाजी गावी पोचल्यावर आठच दिवस काढू शकला होता. लवू तिच्यापुढे गेला, आणि पाठ केलेल्या वाक्याचा पहिला शब्द त्याच्या ओठांवर आलाही होता. पण त्याच्याकडे बघून ती हसली, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच हसावी तशी.

"दोघांसाठी मागितलंय," ती म्हणाली. "एकाचा तरी ऐकल्यान."

तेवढ्यात आत गावकऱ्यांतल्या म्हाताऱ्या मानकऱ्यानं हात जोडून सुरुवात केली. बा देवा रवळनाथा म्हाराजा, ह्या लेकराक तू रोगातून सोडवलंस... आणि गावानं एका आवाजात साथ दिली, "व्हय म्हाराजा." ह्याच्या आवशीची, जानकीची हाक तू ऐकलंस... "व्हय म्हाराजा." सगळ्यांत मोठा आवाज पायरीखालून येत होता. अजून वेळ होता. मानकरी दम घ्यायला थांबला तेव्हाही वेळ होता. पण खरं बोललो तर त्या बाईच्या हाती काय उरणार, हे लवूला कळलं, आणि आपण तिच्यासाठी गप्प आहोत की स्वतःसाठी, हे मात्र कळेना.

"असोच सांभाळ कर म्हाराजा," मानकरी म्हणाला.

"व्हय म्हाराजा," लवू म्हणाला.

नारळ फुटला. मालननं आपल्या वाट्याची कवड घेतली, तिच्यातलं खोबरं काढलं आणि सगळं त्याच्या ओंजळीत घातलं.

"खा," ती म्हणाली. "अंग भरूक व्हया."

ती बघत होती, म्हणून त्यानं ते सगळं खाल्लं.