मधनं फोडलेला कीबोर्ड

पौषातले कोवळे ऊन ओसरीच्या कडेला ओंजळभर उतरले, की तात्या आपले दोन्ही तळहात त्यात उघडे करून बसत. तात्या म्हणजे माझे सासरे. लष्करात बिनतारी यंत्रे सांभाळून निवृत्त झालेले, मितभाषी. बोटे मात्र अखंड काहीतरी चाचपत असलेली.

रहिमतपूरच्या आमच्या घरात त्या ओसरीला लागूनच माझे टेबल आहे. पुण्याच्या एका प्रकाशकासाठी मी हस्तलिखिते टाइप करते. वर्षानुवर्षांच्या टकटकीने मनगटांत एक मूक ठणका मुरत गेला होता. एका सकाळी चहाचा कप हातातून निसटला, आणि बोटांना ते कळलेही नाही. मनगटे सरळ ठेवा, नाहीतर हे काम सोडा, असे साताऱ्याच्या डॉक्टरांनी सौम्यपणे सांगितले. हाती असलेली कादंबरी अर्धीच परत पाठवायचे मी ठरवले. या घरात आल्यावर स्वतःच्या हिमतीवर उभे केलेले माझे एवढे एकच जग होते. ते आता मिटत होते.

तात्या दोन दुपारी दारात उभे राहून नुसते पाहत होते. तिसऱ्या दुपारी म्हणाले, "पोरी, थंडीत कुडकुडल्यावानी खांदं आवळून बसतीस. दुखंल न्हाईतर काय!"

"तात्या, कीबोर्डच एवढासा असतो. हात जवळ आणावेच लागतात."

"मग त्यो मधनं फोडायचा."

मी हसले, ते हसले नाहीत. माळ्यावरचा जुना कीबोर्ड पुसून त्यांनी तोही संगणकाला जोडला. दोन्ही शेजारी शेजारी, किंचित तिरपे मांडले आणि खाली बाभळीच्या पाचरी तासून दिल्या. डाव्या हाताने एकाची डावी बाजू वापरायची, उजव्याने दुसऱ्याची उजवी. पहिले काही दिवस अक्षरे सैरभैर पडत, वैतागून मी हात मांडीवर टाकले, की तात्या म्हणत, "नवी रायफल हातात आली की आमचाबी नेम चुकायचा. दम धर, गं."

आणि खरेच, फाल्गुनात झाडाला हळूच पालवी फुटावी तसा हातांत जीव परतला. कोपरे अंगापासून सुटली, छाती मोकळी झाली, श्वास खोल उतरू लागला. कादंबरी पुरी झाली.

पुढे शिरवळला नोकरीला असलेल्या माझ्या नवऱ्याने घरी येताना खरोखरच दोन भागांत विभागलेला कीबोर्ड आणला. तात्यांनी तो कितीतरी वेळ उलटसुलट पाहिला. त्याच्या उतारावरून बोट फिरवत ते एवढेच म्हणाले, "ह्यो करणाराबी माज्यावानीच कुणाच्यातरी दारात हुबा राहिला आसंल बग."

तात्यांना जाऊन आता दोन वर्षे झाली. काल एका आत्मचरित्राचे शेवटचे पान संपवून उठले, तेव्हा ध्यानात आले, की दिवसभरात मनगटांची आठवण झाली नव्हती, तात्यांचीही नाही. क्षणभर अपराधी वाटले, मग वाटले नाही. गेलेल्या माणसाचे दुःख आठवत राहते. त्याने दिलेले सुख मात्र काळ इतके अलगद अंगात मुरवतो, की ते आठवावे लागत नाही, आपण त्यात नुसते जगत राहतो.