माझ्या ताटातला पाहुणा

टीव्हीवर बेड्यांतला तो चेहरा दिसला आणि माझं डोकंच फिरलं. अल्बेनियातल्या टोळीचा म्होरक्या! पंच्याण्णव साली दोन पोलिसांना मारून पळाला होता, आता जन्मठेप झाली. पळून हा नालायक ओमानला, सूर बंदरातल्या आमच्या कारखान्यात, लाकडी बोटींचं गिऱ्हाईक बनून आला होता. मुसलमान माणूस, घरापासून लांब, म्हणून ईदला मी मूर्खाने त्याला घरी बोलावलं आणि आमच्या कोकणी मुसलमानांच्या रिवाजाने माझ्याच ताटात जेवायला बसवलं. भिंतीवरचा वर्दीतला फोटो बघून त्याने विचारलं, "हे कोण?"

"माझे अब्बा. रत्नागिरीत हवालदार होते. गुंडांनी मारलं."

"मारणारे सापडले?"

"नाही."

"इन्शाल्ला, सापडतील," हरामखोर म्हणाला, आणि त्याने ताटातलं शेवटचं सांदण उचललं.