कडेचं दिसेना

रायगडावर वारा सुटला आणि रोपवे थांबला. आता शिल्पाला पायऱ्यांनीच उतरावं लागणार होतं.

पेणजवळच्या जोह्यात तिच्या घरचा गणपतीचा कारखाना. मूर्तींचे डोळे आखायचं काम वीस वर्षं तिच्याकडेच होतं. समोरचं अजून लख्ख दिसे, ब्रश धरला की हात हलत नसे, म्हणून घरात कुणाला शंका आली नव्हती. पण कडेचं सगळं नाहीसं होत चाललं होतं. नळीतून बघावं तसं. आषाढात पेणच्या शिबिरात डॉक्टरांनी काचबिंदू असल्याचं सांगितलं. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली औषधानं राखता येईल, लगेच पनवेलला डोळ्यांच्या दवाखान्यात दाखवा, असं बजावलं. तेव्हा मूर्तींची घाई होती. घाई सरली, दिवाळी गेली, पौष आला, तरी तिनं तोंड उघडलं नाही. आखणी हातातून गेली तर या घरात आपण कोण, हे तिला उमगत नव्हतं.

सकाळपासून तिनं निभावून नेलं होतं. नवरा दत्ता, मुलगा निकेश, सून दर्शना आणि चार वर्षांची नात मृणाली, सगळी हौसेनं आली होती. वर राजवाड्याच्या चौथऱ्यांवर निकेश राणीवशाच्या खोल्या दाखवत फिरला. शिल्पा भिंतीला हात लावूनच चालली. दमले म्हणाली, ते सगळ्यांना पटलं.

उतरताना दत्ताचा गुडघा दुखू लागला. निकेशनं बापाला खांदा दिला आणि दोघे पुढे झाले. दर्शनाकडे दोन जड पिशव्या. तिनं नेहमीसारखा मृणालीचा हात सासूच्या हातात दिला. तेव्हाच बोलायला हवं होतं. शिल्पानं हात धरला.

अंगठ्यानं पायरीची कड चाचपायची, मगच वजन टाकायचं. पायाखाली बघायला मान पार खाली घालावी लागे, मग समोरचं दिसत नसे. पोर ओढत होती. महादरवाजा मागे पडला. एका वळणावर कठडा नव्हता. एकीकडे कातळ, दुसरीकडे दरी. तिथंच मागून कॉलेजची पोरं धावत उतरली. कुणाची तरी सॅक शिल्पाच्या कोपराला लागली आणि मृणालीचा हात सुटला.

तिनं बघितलं. पायरी. दगड. कुणाचे तरी बूट. मग नुसतं आभाळ. पोर कुठंच नव्हती. ती वळली तर टाच अर्धी हवेत गेली, तशी मटकन खाली बसली आणि दोन्ही हातांनी भोवतालचा दगड चाचपू लागली.

"आई, काय शोधता?" मागून दर्शना आली.

"पोर कुठं हाय?"

दर्शना जागच्या जागी थिजली. मृणाली आजीच्या उजव्या गुडघ्यापाशीच चपलेचा पट्टा ओढत उभी होती, दरीपासून वीतभर अंतरावर. दर्शनानं पिशव्या टाकल्या आणि पोरीला ओढून छातीशी घेतलं.

"ही काय, तुमच्या बाजूलाच उभी हाय."

"मला बाजूचं दिसत नाय, दर्शना. आषाढापासून ठाव हाय मला."

दर्शना हळूच म्हणाली, "आणि तरी हिचा हात धरलात?"

दर्शनानं निकेशला हाक मारून वर बोलावलं, पोर त्याच्या कडेवर दिली आणि सासूच्या देखतच झालेलं सगळं सांगितलं. काही मऊ केलं नाही. खाली दत्ता पायरीवर बसून ऐकत होता. डॉक्टरला दाखवलंस का, एवढंच त्यानं विचारलं. शिल्पानं सगळं सांगितलं.

पुढच्या सगळ्या उतारावर दर्शनानं तिला मनगट धरून उतरवलं. पकड इतकी घट्ट की बांगड्या रुतत होत्या. उंच हाय, तुटलीय, थांबा, याखेरीज शब्द नाही. पण एकही पायरी सांगायची राहिली नाही.

गाडी माणगावजवळ आली तेव्हा दर्शनानं डॉक्टरांची चिठ्ठी मागितली. सहा महिने पर्समध्ये घडी घालून ठेवलेली चिठ्ठी शिल्पानं काढून दिली. मोबाईलच्या उजेडात ती वाचून दर्शनानं सांगितलं, उद्या सकाळी पनवेलला जायचं, सोबत ती येणार. दत्ता म्हणाला, मीही येतो.

"आणि आखणी?" शिल्पानं विचारलं.

"ते मग बघू." आवाजातला राग उतरला नव्हता.

मधल्या सीटवर आईच्या कुशीत मृणाली झोपली होती. झोपेत कूस बदलताना तिचे पाय आजीच्या मांडीवर आले. दर्शनानं बघितलं, आणि ते तसेच राहू दिले.