आबांना नील बेटावर जायचं होतं

कौतिक आबांनी चौसष्टाव्या वर्षी अंदमानला जायचं काढलं, तेव्हा सारिकाला पहिली शंका आली ती हीच, की आपल्या बापाला कुणीतरी गाठलंय.

आबा पहूरला एकटेच राहायचे. महिन्यातून एकदा एसटीनं जळगावला मुलीकडे येत, दोन दिवस राहत आणि परत जात. या खेपेला मात्र चहा होण्याआधीच ते म्हणाले, "बाई, आपन नील बेटावर जाऊ. हॅवलॉकले नको, तिथं लई गर्दी. नीलले शांत राहते. फेब्रुवारीत समुद्र गप असतो."

सारिका गॅसपाशी उभी होती. ती तशीच वळली. नाशिकच्या पुढे न गेलेला माणूस हॅवलॉक आणि नीलमधला फरक सांगत होता.

"तिथं जाऊन काय करायचं?"

"पाठीवर टाकी लावून पान्यात जायाचं. स्कुबा म्हन्तात त्याले."

पाणी आबांना नवं नव्हतं. जामनेर तालुक्यात कुठल्याही विहिरीत मोटर पडली की आबांना बोलावणं यायचं. आबा दम धरून खाली जात आणि मोटरीला दोर बांधून वर येत. विहिरीत माणूस पडलं तरी आबांनाच बोलावणं यायचं. हे काम त्यांनी पंचवीस-तीस वर्षं केलं आणि सारिकाची आई गेली त्या वर्षी सोडलं. त्यानंतर त्यांच्या तोंडून पाण्याचा विषय कधी निघाला नव्हता.

"हे तुम्हाला कुणी सांगितलं, आबा?"

"प्रेमराजनं. धुळ्याचा पोरगा हाये. बहिनीच्या सासरी आला व्हता आपल्या गावात. मोबाईलवर दाखवलं त्यानं."

त्याच दिवशी तिनं प्रेमराजला फोन लावला. माणूस तिशी-पस्तिशीचा वाटला, बोलायला गोड. सहा वर्षं अंदमानात टाक्यांमध्ये हवा भरायचं काम केलं, तिथंच शिकून पाण्यात उतरवणारा झालो, आता धुळ्यात देवपूरला राहून अंदमानच्या सहली काढतो, असं त्यानं सांगितलं.

"धुळ्यात समुद्र कुठंय?" सारिकानं विचारलं.

"नाही ना ताई. म्हणून तर लोकांना तिकडे न्यावं लागतं."

हे उत्तर तिला तयार करून ठेवल्यासारखं वाटलं. संध्याकाळी त्यानं सहा दिवसांचा बेत पाठवला. पहिला दिवस पोर्ट ब्लेअर, दुसऱ्या दिवशी बोटीनं नील, तिसऱ्या दिवशी छातीभर पाण्यात सराव, चौथ्या दिवशी दोन बुड्या, पाचवा दिवस रिकामा, सहाव्या दिवशी विमान. सारिकाचं बोट पाचव्या दिवसावर थांबलं. पुन्हा फोन.

"हा दिवस कशाला वाढवलात?"

"बुडी मारल्यावर लगेच विमानात बसता येत नाही ताई. अंगात नायट्रोजन मुरलेला असतो, तो निघायला दिवस जाऊ द्यावा लागतो. तुम्ही फिजिक्स शिकवता ना? आबा म्हणाले."

सारिकानं नेटवर शोधून पाहिलं. खरं होतं. त्यानं तिचं समाधान व्हायच्या ऐवजी ती जास्तच सावध झाली. फसवणारा माणूसही अभ्यास करूनच येतो. तिनं प्रशिक्षणाचं कार्ड मागितलं, त्यानं पाठवलं. फोटो मागितले, तेही आले. पण पाण्याखालच्या फोटोत चेहऱ्यावर काच आणि तोंडात नळी. तो प्रेमराजच कशावरून?

आबांचं वागणंही तिला खटकू लागलं. फोन आला की ते गॅलरीत जात. पहूरला परतल्यावर एका मंगळवारी तिनं दिवसभर फोन केले, उचलला नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "दोंडाईच्याले गेलो व्हतो, रुपचंदच्या पोराचा साखरपुडा व्हता." रुपचंद म्हणजे तिच्या आईचा आतेभाऊ. सारिकानं सहज म्हणून त्यांच्या घरी फोन केला. साखरपुडा दिवाळीतच होऊन गेला होता.

आणि शनिवारी प्रेमराजकडून तिला एक फॉर्म आला. सोबत एवढंच लिहिलं होतं: "ताई, एकदा नजर घाला."

तब्येतीचा फॉर्म होता, आबांच्या नावाचा. दमा आहे का, हृदयाचा त्रास आहे का, चक्कर येते का, कानाचा काही आजार किंवा ऑपरेशन? सगळ्या प्रश्नांपुढे "नाही"वर खूण, आणि खाली आबांची सही.

सारिका कानाच्या प्रश्नावर अडकली. आबा फोन नेहमी उजव्या कानाला धरतात. डाव्या बाजूनं हाक मारली तर वळत नाहीत. ती शाळेत असताना त्यांचा डावा कान वाहायचा, आई कापूस घालून द्यायची. हे त्या धुळ्याच्या माणसाला काय ठाऊक? त्यानं म्हाताऱ्याची सही घेतली आणि खुणा स्वतः करून टाकल्या, गिऱ्हाईक हातचं जाऊ नये म्हणून. आता तिला पुरावाच मिळाला होता.

रविवारी सकाळी ती धुळ्याच्या गाडीत बसली. एरंडोल, पारोळा मागे पडेपर्यंत काय काय बोलायचं ते तिनं ठरवून ठेवलं होतं. देवपुरात एका झेरॉक्सच्या दुकानावर प्रेमराजची एवढीशी खोली होती. भिंतीवर निळ्या पाण्याचा नकाशा होता आणि कोपऱ्यात पायात घालायचे रबरी पंख. फोटोतला माणूस हाच होता, फक्त थोडा सुटलेला.

तिनं फॉर्मची पुसट प्रिंट टेबलावर आपटली. "ह्या खुणा कुणी केल्या? माझ्या वडिलांचा डावा कान लहानपणापासून मला माहीत आहे. पाण्यात काही झालं असतं तर?"

प्रेमराज चिडला नाही. त्यानं खणातून मूळ कागद काढून पुढे ठेवला. निळ्या शाईनं दाबून केलेल्या खुणा. प्रत्येक खुणेची शेपटी वर वळलेली, आबा किराणाच्या यादीवर करायचे तशी.

"मी मराठीत करून दिला होता. त्यांनी स्वतः वाचून भरलाय, ताई. मंगळवारी इथं आले होते."

"मंगळवारी?"

"पोहण्याच्या तलावावर नेलं मी त्यांना. पोहतात झकास. पण काठानं जेमतेम पुरुषभर खाली गेले आणि वर आले ते तिरपे. काठ डावीकडे होता, ते उजवीकडे हात मारत होते. विचारलं तर म्हणे पित्त झालंय. मलाही संशय आला. त्यांनी बजावलं होतं की पोरीला फॉर्म दाखवू नको. म्हणूनच मुद्दाम पाठवला. तुम्हाला बठ्ठं, सगळंच माहीत असणार, वाटलं."

सारिका खुर्चीत बसली. ठरवून आणलेलं एकही वाक्य आता उपयोगाचं नव्हतं. फसवत होते ते आबा, आणि दोघांनाही.

दुपार टळायच्या आत ती पहूरला पोचली. आबा ओट्यावर बसले होते. तिच्या हातातला कागद त्यांनी लांबूनच ओळखला.

"त्यानं दाखवला वाटते."

"खोटं का लिहिलंत आबा? आणि दोंडाईच्याचं काय?"

आबांनी हाताचे तळवे मांडीवर पालथे ठेवले.

"विहिरीत खाली काई दिसत नाई, बाई. गाळ उठते. मी डोये मिटूनच जायाचो. सगळं हातानं पाह्यलं मी. मोटर हातानं. मानूस हातानं. हाताले केस लागले की कयायचं बाई हाये. बांगड्या लागल्या का मंग मापावरून वयही कयायचं." ते थांबले. "तुयी माय मले निंबाच्या पाल्यानं आंघोय घालायची, तरी हात तसेच राह्यचे."

सारिका त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन बसली.

"त्या पोरानं मोबाईलवर दाखवलं. पान्याखाली लोकं हिंडून रायले. एकमेकाचं तोंड पाहून रायले, हासून रायले. इतके वर्सं गेलो मी खाली, पन जितं मानूस मले पान्यात एकबी भेटलं नाई. वाटलं, मराच्या आधी एकडाव पाहून घेऊ. कानाचं सांगतलं असतं तर तुमी जाऊ दिलं नसतं."

"नसतंच दिलं," सारिका म्हणाली. तिनं तोंड वळवलं.

दुसऱ्या दिवशी तिनं त्यांना जळगावला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. डाव्या पडद्याला भोक होतं, जुनं. खाली गेल्यावर पाणी आत शिरलं तर गरगरून वर-खाली काही कळणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. बुडी मारायची नाही. बाहेर आल्यावर आबांनी तिच्याकडे तिरपं पाहिलं. "तू आधीच सांगून ठेवलं व्हतं डाक्टरले."

"नाही हो, आबा."

त्यांना ते पटलेलं दिसलं नाही.

वाट काढली प्रेमराजनं. नीलला ओहोटीच्या वेळी कमरेएवढ्या पाण्यातही पोवळी आणि मासे दिसतात. आबांनी कानाच्या मापाचा सिलिकॉनचा बोळा घालावा, डोळ्यांवर काच लावावी आणि वर तरंगत नुसतं तोंड पाण्यात घालून पाहावं. खाली सारिकानं जावं. डॉक्टरांनी कुरकुरत होकार दिला, हातभरसुद्धा खाली न जाण्याच्या अटीवर.

सारिका आयुष्यात कधी टाकी लावून पाण्यात जाईल, असं तिला वाटलं नव्हतं. तिला नीट पोहताही येत नव्हतं. पण डिसेंबरभर दर रविवारी ती आबांना घेऊन धुळ्याला जाऊ लागली. तिसऱ्या रविवारी ती पहिल्यांदा टाकी लावून तलावाच्या तळाशी गेली. नळीतून श्वास घेताना छाती धडधडत होती. प्रेमराजनं तिचा हात धरला होता आणि वर, उजेडात, आबांचं काच लावलेलं तोंड पाण्यात होतं.

वर आल्यावर आबांनी आधी काच काढली. त्यांचे डोळे लाल झाले होते. पाण्यानं की कशानं, ते कळत नव्हतं.

"तू डोये कायले मिटले व्हते?" ते रागावून म्हणाले. "मी वरून पाहून रायलो, अन् तू डोये मिटून. घाबरलो ना मी. पुन्यांदा जाय. उघडे ठेव."

ती पुन्हा गेली, उघडे ठेवून.

फेब्रुवारीची तिकिटं काढली त्या दिवशी तिनं प्रेमराजला फोन करून बजावलं, "तिथं गेल्यावर आबांनी टाकी मागितली, मी हो म्हटलंय असं सांगितलं, तरी द्यायची नाही. तिथल्या सगळ्यांना आधीच सांगून ठेवा."

पलीकडून प्रेमराजच्या हसण्याचा आवाज आला.

"ताई, कालच त्यांचा फोन येऊन गेला. तुम्ही हो म्हटलंय म्हणे."