भरिताचा लायटर

आमच्या घरी विजेवर चालणारा इंडक्शनचा हॉब आहे. त्यावर भात होतो, भाकरीही कशीबशी होते, पण जाळ नसल्यामुळे वांगं भाजता येत नाही. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य लागतो. ओव्हनमधलं घामेजलेलं वांगं देवापुढे ठेवायला माझं मन घेत नाही. म्हणून मी इथे इंग्लंडात, स्लाऊच्या हाय स्ट्रीटवरच्या दुकानातून स्वस्तातला टॉर्च लायटर आणला. बोटाएवढा असतो. खटका दाबला की निळा, सरळ जाळ सूं करत निघतो. गॅस संपला की बुडाच्या भोकातून डब्याने पुन्हा भरायचा. पाकिटात दोन होते. एक लायटर आणि गॅसचा एक डबा मी सुमेधाताईंना दिला. माहितीचा कागद एकच होता, तो माझ्याकडे राहिला.

सुमेधाताई समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहतात. त्यांचे यजमान शशिधर इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर होते. ते गेल्याला सहा वर्षं झाली. मुलगा साकेत ब्रिस्टलला विमानांच्या कंपनीत आहे. त्यांचंही कुलदैवत खंडोबा, त्यामुळे आमचं जमलं.

मी अक्षरं शिकले ती त्रेसष्टाव्या वर्षी, सून रश्मीकडून, इथल्याच स्वयंपाकघरात बसून. मराठी वाचते. इंग्रजीतली मोठी अक्षरं तेवढी ओळखते, बसवरची, दुकानांवरची. पण सुमेधाताई चारचौघींत सांगायच्या, "आमच्या हौसाताई बघा, या वयात दोन्ही भाषा वाचायला शिकल्या." मी त्यांना कधी अडवलं नाही. ऐकायला बरं वाटायचं.

चंपाषष्ठीच्या सकाळी त्यांचा फोन आला. वांगं अर्धं भाजून झालं होतं आणि गॅस संपला होता. लायटर चांगलाच तापला होता. आत्ताच गॅस भरून लगेच पेटवला तर चालेल का, कागदावर काय लिहिलंय, असं त्या विचारत होत्या.

कागद माझ्यासमोर होता. मुंगीएवढी अक्षरं, सगळी इंग्रजी. रश्मी कामावर गेली होती. मला वाचता येत नाही, एवढं म्हणायचं होतं. मी कागदावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "चालतं. तसंच लिहिलंय."

दोन-तीन मिनिटांनी त्यांच्या इमारतीचा अलार्म वाजला. सगळी बिऱ्हाडं थंडीत खाली कार पार्कमध्ये येऊन उभी राहिली. सुमेधाताईंच्या उजव्या हाताला ओला टॉवेल गुंडाळलेला होता, एक भुवई जळाली होती आणि कपाळावरचे केस आखडले होते. भरताना बाहेर सांडलेला गॅस तिथेच होता, खटका दाबताच त्याने पेट घेतला. ओट्यावरचा नॅपकिनही जळाला.

संध्याकाळी मी रश्मीकडून तो कागद वाचून घेतला. लायटर गार झाल्याशिवाय भरू नका, भरल्यावर पाच मिनिटं पेटवू नका, असं त्यावर होतं. का विचारतेस, असं तिने विचारलं. मी म्हणाले, सहज.

दुसऱ्या दिवशी साकेत आला. आई विसरायला लागली आहे, असं त्याचं म्हणणं. गेल्या महिन्यात किल्ली बाहेरून दाराला तशीच राहिली होती, आता हे. आईला ब्रिस्टलला न्यायचं आणि फ्लॅट विकायचा, असं त्याने ठरवलं. सुमेधाताईंना हे घर सोडायचं नव्हतं. पण त्या त्याच्याशी वाद घालेनात, याचंच मला नवल वाटलं.

मी पिठलं-भाकरी घेऊन गेले तेव्हा त्याचा उलगडा झाला. पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवून त्या हळू आवाजात म्हणाल्या, "साकेत म्हणतो, असल्या कागदावर थांबायचंच लिहिलेलं असतं. तुम्ही थांबायला सांगितलं असेल हो. मलाच काही आठवत नाही."

मी त्यांच्या ताटात पिठलं वाढलं. भाकरी मोडून दिली. त्यानंतर आणखी दोनदा गेले, दोन्ही वेळा खरं न सांगताच परत आले.

शनिवारी फ्लॅट बघायला एजंट येणार होता. मी सकाळीच गेले. साकेत खुर्च्या नीट लावत होता, सुमेधाताई खिडकीपाशी बसल्या होत्या. मी बसलेच नाही. उभ्यानेच सांगितलं.

"तुम्ही काही विसरला नाहीत. मी थांबायला सांगितलंच नव्हतं. मी म्हटलं, चालतं. मला इंग्रजी वाचता येत नाही."

साकेतच्या हातातली खुर्ची तशीच राहिली. "पण काकू, आई तर म्हणते तुम्ही तो कागद वाचला होता."

"खोटं बोलले मी."

सुमेधाताईंनी माझ्याकडे तोंड केलं. मग म्हणाल्या, "चार दिवस मी रोज उठल्यावर सगळ्या भावंडांची नावं म्हणून बघतेय. मग सोळाचा पाढा. मग माझा लग्नातला उखाणा. कुठे अडकते का ते बघायला." त्यांचा आवाज चढला नाही. "तुम्ही समोर बसून मला भाकरी मोडून देत होतात."

माफ करा, असं काहीतरी म्हणाले असेन.

त्या साकेतकडे वळल्या आणि त्याला त्या एजंटला फोन करायला सांगितलं. हे घर विकायचं नाही, आणि हे मी पूर्ण शुद्धीत सांगतेय, असं म्हणाल्या. तो किल्लीचं काढायला लागला, तर त्यांनी त्याला विचारलं की विद्यार्थी असताना त्याने स्वतःच्या किती किल्ल्या हरवल्या होत्या. तो फोन घेऊन आतल्या खोलीत गेला.

मला वाटलं, आता माझ्याशी काहीतरी बोलतील. रागावल्या असत्या तरी चाललं असतं.

"हौसाताई, आज तुम्ही जा," त्या म्हणाल्या. "मी बोलवेन तेव्हा या."

साकेत मला लिफ्टपर्यंत सोडायला आला. त्याने माझी पिशवी घेतली, बटण दाबलं, जपून जा म्हणाला. लिफ्टमध्ये भिंतीवर काही सूचना लावलेली होती. मी तिच्याकडे पाठ करून उभी राहिले.