चंद्याच्या गळ्यातला खिळ्यांचा पट्टा

मित्रांनो, मी एक जुना पट्टा आहे. कापलेला, गंजलेल्या खिळ्यांचा. पट्टा म्हटलं की तुम्हाला शहरातल्या कुत्र्यांचे लाल-निळे, घुंगरू लावलेले पट्टे आठवत असतील. मी त्या नाजूक मंडळींतला नव्हे. माझं कातडं विहिरीवरच्या फाटक्या मोटेचं आणि माझे खिळे राजूरच्या बाजारातल्या एका लोहाराने ठोकलेले, टोकं बाहेर काढून. हौसेसाठी मी जन्मलोच नाही. मी जन्मलो तो लांडग्यासाठी.

सन १९८६ची गोष्ट. धुळाजी नावाचा मेंढपाळ तेव्हा भोकरदनच्या माळावर मेंढ्या चारत असे. लांडगा आला की आधी कुत्र्याचा गळा धरतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्याने मला करून घेतलं आणि आपल्या चंद्याच्या गळ्यात बांधलं. चंद्या म्हणजे काळाभोर कुत्रा, कपाळावर पांढरा चांद.

पहिल्याच हिवाळ्यात, पहाटेच्या धुक्यात लांडगा आला. त्याने चंद्याच्या मानेवर झडप घातली आणि त्याच्या तोंडात आलो मी! असा किंचाळत पळाला की माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्या झटापटीत माझा एक खिळा आकड्यासारखा वाकला. लोहाराने तो दोन ठोक्यांत सरळ करून दिला असता, पण धुळाजीने करू दिला नाही. जो भेटेल त्याला तो खिळा दाखवायचा आणि म्हणायचा, "ही लांडग्याची निशाणी हाय. ऱ्हाऊ द्या तशीच." तो खिळा म्हणजे माझं पदक होतं. मी तो मिरवला.

दिवस सारखे राहत नाहीत. माळरानं नांगराखाली गेली, चराई आटली. धुळाजीचे गुडघे बोलायला लागले. त्याच्या मुलाने, म्हस्कूने, मेंढ्या विकल्या, हसनाबादला थोडं रान घेतलं आणि कडेला पत्र्याचं दोन खोल्यांचं घर बांधलं. कळप गेला. उरलो आम्ही दोघं, चंद्या आणि मी.

उघड्यावर वाढलेल्या कुत्र्याला घर कुठे कळतं? चंद्या दिसेल त्या भांड्यात तोंड घालायचा. म्हस्कूची बायको आशाबाई हे बघायची आणि तिचा जीव वरखाली व्हायचा. मग ती कामालाच लागली. कपाशीवर फवारायचं औषध तिने पार आढ्याजवळच्या फळीवर ठेवलं. औषधाचे रिकामे डबे लोक धुऊन पाण्याला वापरतात, हिने ते ठेचून पुरून टाकले. पाण्याच्या टाक्यावर फळ्या टाकल्या. दाराच्या पत्र्याची धारदार कड नवऱ्याकडून दुमडून घेतली.

म्हस्कू थट्टेने म्हणाला, "घर मानसासाठी बांधलं का कुत्र्यासाठी?"

"लेकरू रांगाया लागलं की सगळं सारखं करतेत का न्हाई? तसंच हाय हे," ती म्हणाली. मग तिची नजर माझ्याकडे वळली. "मामा, आता त्याच्या गळ्यातलं बी काढा की. हितं कुठला लांडगा?"

धुळाजी सासरा असला तरी सुनेच्या कामात कधी मोडता घालत नसे. त्या दिवशी मात्र चिडला. "बिलकुल न्हाई! पट्टा काढलेलं कुत्रं म्हंजी पागोटं काढलेला मानूस!"

मी खूश झालो. पोरीला माझी किंमत काय ठाऊक, असंच मला वाटलं. घरातला कोपरा न् कोपरा तिने डोळ्यांत तेल घालून पाहिला होता, राहिलो होतो तो मी एकटा.

पुढे उन्हाळा लागला. एका दुपारी धुळाजी बाजेवर झोपला होता आणि गारव्याला चंद्या बाजेखाली. बाजेची सुंभाची दोरी सैल पडून खाली लोंबली होती. चंद्याने कूस बदलली आणि माझा वाकलेला खिळा, माझं पदक, त्या दोरीत अडकला. चंद्या दचकला, ओढू लागला. सुटेना म्हणून गरकन फिरला. दोरीला पीळ पडला आणि मी त्याच्या गळ्याभोवती आवळत गेलो.

मित्रांनो, मला सैल होता येत नव्हतं. वरून धुळाजीचं वजन, खालून चंद्याची ओढ. त्याच्या गळ्यातून आवाज फुटेना. बाज हलली तसा धुळाजी अर्धवट झोपेत पुटपुटला, "गप पड की रं, किती खाजवून राह्यला!"

तेवढ्यात आशाबाई रानातून आली. तिने खाली वाकून बघितलं आणि ओरडली, "मामा, उठा! जल्दी! चंद्या चाललाय!"

तिने मला सोडवायला हात घातला. माझ्या खिळ्यांनी तिचे तळवे फोडले, तरी तिने हात काढले नाहीत. पण माझी कडी कधीच गंजून घट्ट झाली होती. धुळाजीने बाजेवरून स्वतःला खाली लोटलं, गुडघ्यांवर सरपटत कोपऱ्यातली लोकर कातरायची कातर घेतली आणि परत आला.

"दोरी कापा, मामा!"

"दोरी ऱ्हाऊ दे!" म्हातारा म्हणाला आणि त्याने मला कापलं.

खोटं कशाला बोलू, मला वाईट वाटलं. ज्याने मला गावभर मिरवलं त्याने क्षणभरसुद्धा विचार केला नाही. मग चंद्याने घरघरत श्वास घेतला, शेपूट जरा हलवलं, आणि माझं दुःख कुठल्या कुठे गेलं. कुंपणच शेत खात होतं, ते थांबलं होतं.

चंद्या उठून बसला तेव्हा धुळाजीने त्याच्या उघड्या मानेवरून हात फिरवला आणि त्याचा हात थबकला. मी होतो तिथे केस नव्हतेच. कातडं सोललेलं, जागोजाग जुन्या जखमा, काही ओल्या, काहींवर खपल्या. इतक्या वर्षांत माझ्याखाली कुणी बघितलंच नव्हतं. लांडग्याच्या दाताचा एकही वण तिथे नव्हता. होते ते सगळे माझे होते.

"आरं, सोसत बसलास व्हय?" धुळाजी म्हणाला, आणि माळावर लांडग्याला न भ्यालेला तो म्हातारा सुनेसमोर रडला. आशाबाईने रक्ताळलेल्या हातांनीच हळद-तेल आणलं.

आता मी म्हस्कूने पुढे घेतलेल्या शेळ्यांच्या गोठ्यात खुंटीला लोंबतो आहे. माझी एकच विनवणी आहे. कुत्र्यासाठी घर नीट कराल तेव्हा विषाचे डबे उचला, टाकी झाका, धारदार पत्रे दुमडा. पण त्याआधी, मित्रांनो, तुम्ही प्रेमाने त्याच्या गळ्यात जे बांधलं आहे, त्याखाली बोटं घालून बघा.